सर, हलू नका

माझ्या धंद्यात मला सगळ्यात जास्त छळलं ते अक्षतांनी. रुसून बसणारे नवरदेव, कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढणाऱ्या मावश्या, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी माझ्या लेन्ससमोर पाठ करून उभे राहणारे पुढारी, या सगळ्यांना मी कधीच माफ करून टाकलं आहे. अक्षतांना नाही.

आमच्या लातूरकडं अक्षता ज्वारीच्या असतात. ज्वारी रंगात घोळायची, मांडवात मूठ-मूठ वाटायची आणि भटजींनी 'सावधान' म्हटलं की हजारभर माणसांनी ती स्टेजच्या दिशेनं भिरकवायची. मागच्या रांगेतल्यांची ज्वारी स्टेजपर्यंत पोचत नाही, ती मधे उभ्या असलेल्या व्हिडिओवाल्याच्या डोक्यात पडते. सीझनमध्ये घरी येऊन मी शर्ट झटकला की नसीम, म्हणजे माझी बायको, ती ज्वारी गोळा करून कोंबड्यांना टाकायची. ज्या वर्षी लग्नतिथी जास्त त्या वर्षी कोंबड्या गुबगुबीत, असं तिचं निरीक्षण होतं.

पण माझं खरं भांडण डोक्यात पडणाऱ्या अक्षतांशी नव्हतं, कॉम्प्युटरात पडणाऱ्या अक्षतांशी होतं. ते समजायला आधी धंद्याबद्दल थोडं सांगावं लागेल.

मी सलीम. गंजगोलाईच्या मागं आमचं घर. आजोबा तसबिरींना चौकटी बसवायचे, अब्बा फोटो काढायचे, मी व्हिडिओत शिरलो. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माझा कॅमेरा नवीन होता, आणि त्या सीझनला मी एकही लग्न शूट केलं नाही. पुढं गावं नव्या जागी वसली, मांडव परत पडू लागले, आणि लोक पूर्वीपेक्षा जास्त हौसेनं शूटिंग करून घेऊ लागले. का ते कुणी बोलून दाखवत नसे. पण 'सगळ्यांना घ्या, एकबी माणूस सुटू देऊ नका' असं प्रत्येक घरचा कर्ता मला बजावून सांगायचा, आणि मीही पंगतीतल्या शेवटच्या पानापर्यंत कॅमेरा फिरवून यायचो.

शूटिंग झालं की मिक्सिंग. मिक्सिंग म्हणजे नवरा-नवरीला कमळात बसवायचं, कमळ मिटवायचं, ते उमललं की आतून करवल्या बाहेर काढायच्या. हे काम सुरुवातीला नांदेडला माझ्या मामूंच्या लॅबमध्ये होई. कॅसेटची पिशवी मांडीवर घेऊन मी एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठायचो. मामूंना डाळिंबाची फार आवड. त्यांच्याकडं गेलेलं प्रत्येक जोडपं एकदा तरी डाळिंबाच्या दाण्यात दिसल्याशिवाय परत येत नसे.

मग सीडी आली. घरोघर सीडी प्लेअर आले आणि कपाटातल्या कॅसेटींना बुरशी धरू लागली. ज्याचं त्याचं लग्न सीडीवर घेऊन देण्यासाठी मी घरच्या बैठकीत एक कॉम्प्युटर मांडला. नसीमनं त्याला क्रोशाचं कव्हर केलं. ते काढून ठेवायला तिची समजूत घालता घालता माझा एक आठवडा गेला, कारण कॉम्प्युटरला वारा लागतो हे तिला पटत नव्हतं.

काम असं चालायचं. कॅसेट तीन तासांची असली तर ती कॉम्प्युटरमध्ये घ्यायलाच तीन तास जात, तिथं घाई चालत नाही. त्यातून जी फाइल तयार होई ती एवढी अगडबंब असे की सीडीत तिचा कोपराही मावू नये. तिला दाबून-चेपून लहान करायचं. याला आम्ही कन्व्हर्टिंग म्हणायचो आणि सगळी गोम तिथंच होती. व्हिडिओत एका सेकंदाला पंचवीस चित्रं असतात. कॉम्प्युटर प्रत्येक चित्र आधीच्या चित्राशी ताडून बघतो. जे जागच्या जागी आहे ते परत लिहीत बसत नाही, जे हललं त्याचीच दखल घेतो. घरातली एखादी वाटी इकडची तिकडं झाली की सासूला कसं लगेच दिसतं, तसं. आता त्या सासूसमोर हजार माणसांनी एकदम ज्वारी उधळली तर तिचं काय होईल?

माझा कॉम्प्युटर तिथं अडायचा. हळद लागायची, वरात यायची, पट्टी टक्क्या-टक्क्यानं पुढं सरकायची आणि अक्षता पडल्या की थांबायची. पंखा घरघर करायचा, डबा तापायचा, आणि पडद्यावर ज्वारीचे दाणे हवेत तसेच लटकलेले दिसायचे.

एकदा मुखेडकडचे एक पाटील मुलीच्या लग्नाची सीडी न्यायला स्वतः आले. काम होतच आलं होतं म्हणून मी त्यांना कॉम्प्युटरसमोर खुर्ची दिली, ती माझी चूक. अंतरपाट अर्धा खाली आलेला, मुलीच्या हातातला हार नवरदेवाच्या गळ्यापासून वीतभर लांब, आणि चित्र अडलं.  पाटलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी म्हटलं, दोन-तीन तास लागतील, बाजारात चक्कर मारून या. ते म्हणाले, "न्हाई सलीमभाई. पोरीचं लगीन आसं अर्ध्यावर सोडून मी भायेर कसा जाऊ?"

पोरीला सासरी नांदून वर्ष होत आलं होतं, तिचं डोहाळजेवणही आटोपलं होतं. पण पाटील उठले नाहीत. नसीमनं आधी चहा दिला, मग जेवायला वाढलं. त्यांनी ताटही कॉम्प्युटरकडं तोंड करूनच घेतलं. शेवटी एकदाचा हार गळ्यात पडला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि तोंड गोड करायला काहीतरी मागितलं. घरात साखर होती, ती दिली. ती तोंडात टाकून ते मुखेडची एसटी पकडायला गेले.

अशी माणसं घरात येऊन बसू लागल्यावर कन्व्हर्टिंग लवकर कसं होईल हाच माझा ध्यास झाला. जे सुचेल ते मी करून बघितलं. कॉम्प्युटरला हात लावला नाही की पडद्यावर मासे पोहायचे, ते आधी घालवले, कारण ते मासेही कॉम्प्युटरचाच जीव खात होते. व्हायरसचा पहारेकरी तेवढ्यापुरता झोपवायचा. गाणी बंद, गेम बंद. फाइल एका हार्डडिस्कवरून वाचायची आणि दुसऱ्या हार्डडिस्कवर लिहायची, म्हणजे एकाच सुईला येरझाऱ्या घालाव्या लागत नाहीत. या एका युक्तीनं खरोखर फरक पडला. मामूंची कमळं आणि डाळिंबं गिऱ्हाइकाला गोडीनं समजावून टाळायची, कारण एक कमळ उमलायला तितकाच वेळ घेई जितका आख्खा हळदीचा कार्यक्रम. आणि उन्हाळ्यात डब्याचं एका बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावायचा. आमच्याकडच्या मे महिन्यात पंखा माणसांना की कॉम्प्युटरला, यावरून घरात रोज वाद. अब्बांनी तर एकदा जेवताना विचारलं होतं की या घरात आता मोठा कोण आहे.

एवढं करूनही लाइट जायची. सहा तासांचं काम साडेपाचव्या तासाला लोडशेडिंगनं खाल्लं की पुन्हा पहिल्यापासून. मग माझ्या ध्यानात आलं की माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, ती एका मोठ्या दवाखान्याच्या मागं राहते आणि दवाखान्याच्या लाइनीवर लाइट जात नाही. झालं. मी कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून ऑटोनं आपाकडं नेऊ लागलो. ऑटोवाल्यानं एकदा हळूच विचारलं, पेशंटला काय झालंय. आता हेच काम फोन चहाला उकळी यायच्या आत करतो. बरंच आहे, पण ताट घेऊन कॉम्प्युटरसमोर बसणारं गिऱ्हाइक आता येत नाही याचं मला वाईट वाटतं.

याच दिवसांत धनुरे सर आले.

तेव्हा लातूर म्हणजे क्लासचं गाव झालं होतं. जिथं तिथं पाट्या, पाट्यांवर पोरांचे फोटो, रस्त्यानं नुसत्या सायकली. कुठून कुठून पोरं बारावीला लातूरला येत होती. आमच्या गल्लीत एकानं शेळ्या विकून त्यांच्या छपरात तीन खाटा टाकल्या आणि बाहेर होस्टेल म्हणून पाटी लावली. त्या गर्दीत धनुरे सरांचा क्लास अगदी छोटा होता. किराणा दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, विषय फिजिक्स. पण त्यांच्या शिकवण्याची ख्याती होती आणि ते शिकवायला लागले की खाली दुकानात साखर मोजणाऱ्यालाही गुरुत्वाकर्षण कळायचं, एवढा त्यांचा आवाज खणखणीत होता.

माझ्या बैठकीत येऊन बसले तेव्हा तो आवाज बसला होता. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. घशात गाठ होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, त्यानंतर कित्येक आठवडे एक शब्द बोलायचा नव्हता, आणि नेमके तेच आठवडे परीक्षेआधीच्या उजळणीचे होते. सर शिकवणार नाहीत म्हटल्यावर पालक पोरांना दुसऱ्या क्लासला नेऊन बसवणार, हे उघड होतं. गाठ साधी निघाली तरी आवाज परत पहिल्यासारखा येईलच, असं डॉक्टर म्हणायला तयार नव्हते.

"पोरं गेली की क्लास गेला," सर म्हणाले. "आन् आवाज गेला तर मंग मी बी गेलो. तवर जेवढा हाय तेवढा भरून घ्या."

म्हणजे ऑपरेशनच्या आधी त्यांनी रोज थोडं-थोडं कॅमेऱ्यासमोर शिकवायचं, मी त्याच्या सीडी करायच्या, आणि ते मुके असतील त्या दिवसांत क्लासमध्ये टीव्हीवर त्या लावायच्या. मी हो म्हटलं. लग्नांच्या मानानं हे काम सोपं, असं मला वाटलं होतं. एक माणूस, एक फळा, अक्षता नाहीत.

धनुरे सर एकटेच हजार अक्षतांच्या बरोबरीचे निघाले. पहिल्या दिवशी मी ट्रायपॉड लावून उभा राहिलो आणि त्यांनी फेकलेल्या वस्तूची गती शिकवायला म्हणून डस्टर फेकलं. मग ते आणायला स्वतः पळाले. मग उडी मारून दाखवली. लंबक शिकवताना स्वतःच लंबक झाले. अंगात बारीक चौकड्यांचा शर्ट, वर पंखा गरगरतोय, मागं भिंतीवरचा तक्ता फडफडतोय. मला कॅमेऱ्याच्या मागूनही कॉम्प्युटरचं रडू ऐकू येत होतं. त्या एका तासाचं कन्व्हर्टिंग मी संध्याकाळी लावलं ते दुसऱ्या दिवशी दुपारीही चाललेलंच होतं. या चालीनं सगळ्या सीडी व्हायला परीक्षा उलटून गेली असती.

दुसऱ्या दिवशी मी सरांना धंद्याची गोष्ट समजावून सांगितली. जे हलतं ते महाग पडतं. तेव्हा चौकड्यांचा शर्ट नको, साधा पांढरा घाला. तक्ता काढून ठेवू. पंखा बंद. मी खडूनं जमिनीवर एक खूण केली आणि म्हटलं, "सर, एवढ्यावर उभं राहा आन् हलू नका. हातबी छातीच्या वर नेऊ नका."

सर समंजस माणूस. घामानं निथळत, पासपोर्टचा फोटो काढतात तसे ते खुणेवर उभे राहिले आणि तोंडानं शिकवत राहिले. एकदा त्यांचा उजवा हात सवयीनं वर निघाला तर डाव्या हातानं त्यांनी तो धरून खाली आणला. दोन-तीन दिवस आम्ही असं काम केलं आणि कॉम्प्युटर नुसता पळत सुटला. दुपारी लावलेलं संध्याकाळी तयार. मी नसीमला सांगितलं की लातुरात एवढं जलद कन्व्हर्टिंग कुणी करत नसेल. तिनं विचारलं, यात शहाणा कोण, कॉम्प्युटर का सर?

रविवारी क्लासमध्ये सीडी लावून बघायचं ठरलं. मीच टीव्ही नेला. पोरं-पोरी बाकांवर, सर मागं खुर्चीवर. सुरुवातीला सगळे हसले, सर टीव्हीत आले म्हणून. मग एकेकानं पेन ठेवलं. एक पोरगा खिडकीतून रस्त्यावरचे उंट बघत होता. उंट लातुरात रोज येत नाहीत हे खरं, पण सरांच्या तासाला आजवर कुणी उंटाकडं बघितलं नव्हतं. भोकरची एक मुलगी पहिल्या बाकावर होती, होस्टेलला राहणारी, अभ्यासात पक्की. सीडी संपल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "काका, हे सर आजारी पडल्यावरचं हाय का? लई अशक्त दिसून राहिले."

ते सरांनी ऐकलं. पोरं गेल्यावर जिन्यात त्यांनी मला थांबवलं आणि सगळं परत घ्यायचं म्हणून सांगितलं. मी हातापाया पडलो. ऑपरेशनला दिवस थोडे राहिलेत, घसा एवढा दुखतोय, झालेलं पुन्हा कशाला बोलता, आवाज राखून ठेवा.

"राखून काय करू? लोणचं घालू?" सर म्हणाले.

मग पायरीवरच बसले आणि त्यांनी मला कधी न बोललेली गोष्ट सांगितली. त्यांचं गाव किल्लारीच्या शेजारचं. भूकंप झाला तेव्हा ते नुकते मास्तर झाले होते. शाळा पडली होती, पोरं पत्र्याच्या शेडमध्ये बसायची. पाऊस आला की तो पत्र्यावर असा वाजायचा की दोन हातांवरचं ऐकू येत नसे. तिथं त्यांना ओरडायची सवय लागली. ओरडूनही मागच्यांना ऐकू गेलं नाही की ते हातवारे करायचे, उड्या मारायचे. "त्या पोरांला हसवायचं होतं, सलीमभाई," ते म्हणाले. "फिजिक्स मागून आलं. आता एका जागी उभं राहून शिकवलं तर मलाच कळत न्हाई, मी काय शिकवून राहिलो ते." तो आवाज त्या शेडमध्येच खर्ची पडायला लागला होता, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

मी घरी आलो तो डोकं धरूनच. सर हलणार, हललेच पाहिजेत, हे मलाही पटलं होतं. पण मग कॉम्प्युटर अडणार. त्याला पळवायच्या सगळ्या युक्त्या माझ्या वापरून झाल्या होत्या. नसीम भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं मान वर न करता विचारलं, "एकीच चुल्ले पे पूरी दावत पकाते क्या?"

मी तसाच उठून बाहेर पडलो. खरंच होतं ते. गल्लीत चार घरी कॉम्प्युटर आले होते. शेजारी बसवराजअण्णांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं, तिथं दोन होते. पलीकडं इंटरनेटचं कॅफे होतं, आपाच्या शेजारच्या डेंटिस्टच्या घरीही एक होता. एका कॉम्प्युटरला पळवत बसण्यापेक्षा सगळ्यांना एक-एक तास वाटून दिला तर? कुणी नाही म्हणालं नाही. लातुरात तेव्हा ज्या घरात बारावीचं पोर नाही असं घर नव्हतं, आणि परीक्षेचं काम म्हटलं की माणसं देवाचं काम असल्यासारखी जागा करून देत. बसवराजअण्णा तर म्हणाले, "पत्रिका थांबतील. लग्नं काय, होतच राहतात." त्यांचा सगळा संसार पत्रिकांवर चाललेला होता, तरी म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मोठे मजेचे गेले. सकाळी सर चौकड्यांचा शर्ट घालून उड्या मारायचे, मधेमधे गरम पाणी घोट-घोट घ्यायचे. दुपारी मी त्या तासाची फाइल हार्डडिस्कवर उतरवायचो, ती डिस्क टॉवेलात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवायचो आणि सायकलनं पोचती करायचो. डब्यात काय आहे असं लोक विचारायचे, मी म्हणायचो धनुरे सर. प्रत्येक घरी एक चिठ्ठी लावून यायचो: याला हात लावू नये, यावर गेम खेळू नये, याच्यावर कव्हर घालू नये. आमच्या भागात लाइट गेली तर कॅफेच्या भागात असायची, तिथं गेली तर दवाखान्याची लाइन होतीच. जेवढ्या वेळात आधी माझा एक तास होत होता, तेवढ्यात आता सात-आठ तासांचा माल तयार होऊन परत येऊ लागला.

एक घोटाळा झालाच. प्रत्येक कॉम्प्युटरवर चित्राची लांबी-रुंदी सारखी ठेवायला हवी होती. मी सगळीकडं स्वतः लावून दिली होती, पण बसवराजअण्णांना पत्रिकेच्या मापाची सवय. त्यांना ते चित्र फारच अरुंद वाटलं म्हणून त्यांनी मायेनं जरा रुंद करून ठेवलं. परिणाम असा की उष्णतेच्या तीन धड्यांत धनुरे सर चांगले गरगरीत झाले. आणि कॅफेतून आलेल्या प्रकाशाच्या धड्यांत ते काडीसारखे झाले, ते कसं, हे आजवर कळलेलं नाही. दुरुस्त करायला वेळ नव्हता. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "उष्णतेनं पदार्थ फुगतो. बरोबरच हाय."

शेवटचा तास त्यांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दिला. रिकाम्या बाकांसमोर उभे राहून, डस्टर फेकून, पळत जाऊन आणून. शेवटी-शेवटी आवाजाच्या नुसत्या चिंध्या निघत होत्या. मी कॅमेरा बंद केला तेव्हा त्यांनी खूण करून विचारलं, आलं का सगळं? मी म्हटलं, आलं.

आठवड्याभरानं ते सोलापूरहून परतले, गळ्याला मफलर, खिशात लिहून सांगायला छोटी पाटी. गाठ साधी निघाली होती. क्लासमध्ये सीडी लावायला मी गेलो होतो, कारण टीव्हीचं बटण कुणी दाबायचं यावर पोरांत भांडणं झाली असती. सर मागच्या बाकावर पोरांत जाऊन बसले. टीव्हीत सर आले, आणि आले ते पळतच आले. पोरं सावरून बसली. थोड्या वेळानं टीव्हीतले सर एकदम थांबले, पुढं वाकले, हात कानाला लावला आणि म्हणाले, "कळलं का?"

रेकॉर्डिंग करताना समोर कुणी नव्हतं. तरी सवयीनं त्यांनी उत्तराची वाट बघितली होती.  मग भोकरची ती मुलगी उठली, टीव्हीकडं पाठ करून मागच्या बाकाकडं वळली आणि म्हणाली, "हाव सर." तिच्यामागं सगळी पोरं वळली आणि सगळ्यांनी एकदम म्हटलं. सरांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि हातानं खूण केली, पुढं बघा, पुढं बघा.  मी खिडकीकडं वळून वायर तपासत असल्याचं दाखवलं.

एकही पोर क्लास सोडून गेलं नाही. उलट जाड सर बघायला म्हणून दुसऱ्या क्लासची पोरं येऊन मागं उभी राहू लागली.

परीक्षा झाल्या. उन्हं तापली, माझी लग्नं सुरू झाली. एका दुपारी मी घरी कन्व्हर्टिंग करत बसलो होतो तेव्हा सर आले. मफलर गेला होता. डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली असेल हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, पण मी काही विचारलं नाही. त्यांनी बोटानं टीव्ही दाखवला. मी त्यांच्याच सीडींतली एक लावली. ते खुर्चीत टेकून ऐकत राहिले. आमची बैठक छोटी, तो आवाज तिच्यात मावत नव्हता. नसीम आतून येऊन दारात उभी राहिली.

मधेच मला दिसलं की सरांचे ओठ हलताहेत. ते माझ्याशी काहीतरी बोलत होते. मी कान पुढं केला, तरी काही कळेना. टीव्हीतले सर लंबकाबद्दल ओरडून सांगत होते आणि खुर्चीतले सर त्यांच्या आवाजाखाली पार बुडून गेले होते. शेवटी मी उठलो आणि टीव्हीचा आवाज कमी करत गेलो, अगदी शेवटापर्यंत. तेव्हा कुठं मला ऐकू आलं.

"जूनची बॅच घेतो," सर म्हणत होते. "बाकडी जरा जवळ ओढून घेतो."